मदत हवी आहे: युद्धाची डॉक्युमेंटरी बघितल्यापासून आप्पा गप्प झालेत

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूर तालुक्यातले. आप्पा मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले, १९८७ ला शांतिसेनेतून श्रीलंकेला गेले होते. तिथलं त्यांनी घरात कधी काढलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

गेल्या रविवारी मीच त्यांना 'ट्वेंटी डेज इन मारिउपोल' लावून दिली. २०२२ मध्ये रशियाच्या वेढ्यात सापडलेल्या युक्रेनच्या त्या शहरात थांबून पत्रकारांनी केलेलं चित्रण. २०२४ चं ऑस्कर मिळालंय. फौजी माणूस, आवडीनं बघतील असं वाटलं. ९ मार्चला प्रसूती रुग्णालयावर बॉम्ब पडतो, तिथली जखमी गरोदर बाई स्ट्रेचरवरून नेताना दिसते. आप्पांनी हातातला चहा खाली ठेवला. साय धरली तरी उचलला नाही.

तेव्हापासून रात्री दोन-अडीचला उठून परसात बसतात. कुकरची शिट्टी झाली की दचकतात. जेवण अर्ध्या भाकरीवर आलंय. आईनं विचारलं तर "काय नाही गं" एवढंच. मलाच फार अपराधी वाटतंय.

बेळगावात मराठीतून बोलणारे चांगले मानसोपचारतज्ज्ञ कुणाला माहीत आहेत का? माजी सैनिकांना तपासायचा अनुभव असेल तर फारच बरं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर इथून फोन लावून कुणी मराठीत बोललंय का? आप्पांना कन्नड येतं, पण मनातलं ते मराठीतच सांगतील.

आणि ज्यांच्या घरी असं झालंय त्यांनी जरूर सांगा, श्रीलंकेचा विषय मी स्वतःहून काढू, की नुसतं शेजारी बसून राहू?