टायटॅनियम आणि लायनर एकाच मापाने नको

सीएमएमचं (भागांची अचूक मापं घेणाऱ्या मशीनचं) टेम्परेचर कॉम्पेन्सेशन, म्हणजे तापमानाप्रमाणे माप दुरुस्त करणारी सोय, चालू असली की मोजायला 20 अंशांच्या खोलीचा हट्ट नको, असं एक मत आहे. कृत्रिम खुब्याच्या टायटॅनियम कपापुरतं ते ठीक. 50 मिमी व्यासाला 5 अंशांत जेमतेम 2 मायक्रॉन फरक पडतो. पण त्याच कपात बसणारा पॉलिथिलिनचा लायनर (प्लास्टिकचं अस्तर) तेवढ्यात 35-40 मायक्रॉन फुगतो! शिवाय सेन्सर सांगतो ते वरवरचं तापमान. मशीनिंग करून उतरलेलं प्लास्टिक आत बराच वेळ गरम राहतं. म्हणून लायनर रात्रभर 20 अंशांत ठेवूनच मोजा.

लायनर फिक्स्चरमध्ये, म्हणजे पीस धरणाऱ्या पकडीत, आवळूही नका. आवळलेला असताना लंबगोल दिसतो, सोडला की पुन्हा गोल, आणि चांगला पीस उगाच रिजेक्ट होतो. प्रोबचा, म्हणजे मोजताना टेकणाऱ्या टोकाचा, दाबही कमीत कमी ठेवा, पातळ कड लगेच दबते.