मिररमेकर लावला तरी ऑफसेट जुळत नाहीत

काफ्का (मेसेज साठवून पुढे पोचवणारी प्रणाली) क्लाउडमध्ये कसं हलवायचं, यावर "मिररमेकर २ (एका काफ्कातून दुसऱ्यात मेसेज कॉपी करणारं साधन) लावा, कन्झ्युमरचा (मेसेज वाचणाऱ्या प्रोग्रामचा) पत्ता बदला, झालं" असा सल्ला मिळतो, तो मला अर्धाच पटला. डेटा क्लाउडमधल्या काफ्कात जातो खरा, पण ऑफसेट, म्हणजे मेसेजचे क्रमांक, तेच राहत नाहीत. जुन्या टॉपिकमधले (मेसेजच्या एका नावाच्या यादीतले) सुरुवातीचे मेसेज रिटेन्शनमध्ये (ठेवायची मुदत संपल्यावर) उडालेले असतात आणि क्लाउडमध्ये मोजणी शून्यापासून सुरू होते. कन्झ्युमरच्या ग्रुपने कुठवर वाचलं ते ऑफसेट बदलून तिकडे लिहायची सोय काफ्का २.७ पासून आहे, पण ती मुळात बंद असते. चालू केली तरी डिफॉल्टने दर ६० सेकंदांनीच चालते, म्हणजे कटओव्हरला (नव्यावर जाण्याच्या क्षणी) थोडे मेसेज दुसऱ्यांदा येणारच. आमच्याकडे पेमेंटच्या नोंदी होत्या, म्हणून डुप्लिकेट गाळायचं काम आधी उरकलं, मग हललो. आणि हो, तिकडे टॉपिकच्या नावाआधी सोर्स क्लस्टरचं (जुन्या काफ्काचं) नाव आपोआप चिकटतं, तेही बघून ठेवा.