बाळ सांभाळणाऱ्या मावशींना आत्ता बोलवावं का? (कोथरूड, मुलगी १४ महिन्यांची)

चिऊची_आई
१६ एप्रिल २०२१, रात्री ११:४०

चिऊला सांभाळायला केळेवाडीतून एक मावशी येतात, ऑक्टोबरपासून. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेपाच. आधी साडेसहापर्यंत थांबायच्या, पण ३ तारखेपासून कोरोनामुळे सहानंतर संचारबंदी लागली तसं मी लवकर सोडते. पीएमपी (सिटी बस) बंद आहे पण त्या चालतच येतात त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही. मी आयटीत आहे, घरूनच काम, पण दिवसाला सहा-सात कॉल असतात. नवरा बँकेत, त्याला रोज ब्रँचला जावंच लागतं. सासूबाई ६७ वर्षांच्या, शुगर आहे, लसीचा पहिला डोस झालाय त्यांचा.

आमच्या विंगमध्ये या आठवड्यात तीन घरं पॉझिटिव्ह निघाली. सोसायटीने मावशींना अडवलेलं नाही, गेटवर गन लावून टेंपरेचर बघतात आणि सोडतात. परवा मी कॉलवर होते आणि समोर मावशी चिऊला मऊ भात भरवत होत्या. चिऊ त्यांचा मास्क ओढून हनुवटीवर आणते, तिला त्यांचं तोंड बघायचं असतं, मग त्या हळूच तिची बोटं सोडवून मास्क परत वर घेतात, एक वाटी भात संपेपर्यंत हे आठ-दहा वेळा झालं असेल. माझं कॉलमध्ये लक्षच लागेना. आधी मला चिऊची आणि सासूबाईंची भीती वाटली, आणि रात्री झोपताना वाटलं की बाहेर तर माझा नवरा जातो, आमच्याकडून मावशींना काही झालं तर? त्यांच्या एका खोलीत पाच माणसं राहतात, वेगळं राहायचं म्हणलं तर कुठे राहणार.

बोलवायचं थांबवलं तर पगार पूर्ण देणार आहे, त्याबद्दल प्रश्न नाही. पण थांबवावं का? बाकीचे काय करताय प्लीज सांगा.


औंधकर_बाबा
१७ एप्रिल, सकाळी ७:०५

आम्ही ५ तारखेपासूनच बंद केलंय. दोघं घरून काम करतो, आलटून पालटून बघतो मुलाला, ओढाताण होते पण जमतंय. आम्ही अर्धा पगार देतोय, काम नाही तर अर्धा बराच झाला असं मला वाटतं, आपल्याही नोकऱ्यांचं काही खरं नाही सध्या.


पर्वतीची_पोरगी
१७ एप्रिल, सकाळी ९:५०

@औंधकर_बाबा, दादा, राग मानू नका पण अर्ध्या पगारात घरभाडं अर्धं होत नाही.

माझी आई हेच काम करते, बिबवेवाडीत एका घरी बाळ सांभाळते आणि सकाळी दोन घरी पोळ्या. मागच्या मार्चमध्ये गेटं बंद झाली तेव्हा तीन घरांपैकी एकाच घराने पूर्ण पैसे दिले, बाकी दोघांनी मार्चच्या शेवटच्या आठवड्याचाही खाडा कापला. जूनमध्ये कुठे थोडं सुरू झालं तर जुलैत १४ ते २३ परत कडक लॉकडाऊन. आईने उचल घेतली होती ती फेडायला दिवाळी उजाडली. आता मुख्यमंत्र्यांनी घरेलू कामगारांना १५०० रुपये जाहीर केलेत, पण ते नोंदणी असलेल्यांना, आईची कल्याणकारी मंडळात नोंदणीच नाही, त्याचा कायदा २००८ चा आहे हे मलाच कॉलेजला गेल्यावर कळलं.

आणि एक सांगते, हे कोणी बोलत नाही म्हणून सांगते. या फेब्रुवारीत बाळाच्या आजोबांना ताप होता, घरच्यांनी आईला व्हायरल म्हणून सांगितलं, रिपोर्ट आला तरी चार दिवस सांगितलं नाही, का तर ती यायची बंद होईल. मग आई पॉझिटिव्ह आली. आम्ही चौघं एका खोलीत, संडास सार्वजनिक, सकाळी लाईन लागते तिथे. आई दहा दिवस पोटमाळ्यावर झोपली, तिथे उभं राहता येत नाही, बसल्यावर डोकं पत्र्याला लागतं. मी शिडीवरून ताट वर सरकवायचे. वाचली, बरी झाली, आणि त्याच घरी परत कामाला गेली कारण ते बाळ तिच्याशिवाय झोपत नाही म्हणे.

सगळे विचारतात बाई आमच्याकडे कोरोना आणेल का. ताई तुम्ही उलटा विचार केलात म्हणून एवढं लिहिलं. तुमच्या मावशींना सरळ विचारा, पण पगाराचं आधी बोला आणि मग विचारा. आधी पैशाचं नक्की नसेल तर कुठलीही बाई "येते की, काय होतंय" असंच म्हणणार.


बालरोग_सिंहगड_रोड
१७ एप्रिल, दुपारी २:३०

ओपीडीतून वेळ मिळाला तसं लिहितोय, त्रोटक आहे.

गेटवरच्या गनवर भरवसा ठेवू नका. लक्षणं दिसायच्या साधारण दोन दिवस आधीपासून माणूस संसर्ग पसरवू शकतो, काहींना ताप येतच नाही. एवढ्या लहान मुलांना बहुतेक वेळा सौम्य होतो, तुमच्या घरात जास्त काळजी सासूबाईंची आणि मावशींची. चिऊला मास्क लावायचा नाही, दोन वर्षांखालच्या मुलांना कधीच नाही, गुदमरू शकतात.

मावशी येत राहिल्या तर: खिडक्या दिवसभर उघड्या, एसी नको. भरवणं खिडकीपाशी किंवा बाल्कनीत. त्यांना जेवायला-चहाला वेगळी हवेशीर जागा द्या, कारण मास्क तेव्हाच उतरतो. मास्क तुम्ही द्या, रोज नवीन, आणि तुम्हीही घरात लावा, फक्त त्यांनीच लावायचा असं नको. नवरा आल्यावर आंघोळ करत असेल तर ठीक आहे पण हा आजार मुख्यतः श्वासातून जातो, तो घरी असताना मावशी त्याच खोलीत नसतील असं बघा. घरात कोणालाही घसा, ताप, अंगदुखी झाली की त्याच दिवशी त्यांना फोन करून सांगायचं, रिपोर्टची वाट बघायची नाही. वर त्या मुलीने लिहिलंय तसं मी दवाखान्यात फार बघतोय.

मावशींचं वय ४५ च्या वर असेल तर १ तारखेपासून लस मिळतीये, आधार कार्ड घेऊन जायचं. डोस घेतल्यावर दोन-तीन आठवडे तरी लागतात परिणाम यायला, लगेच निश्चिंत होऊ नका.

माझं स्पष्ट मत विचाराल तर, ज्यांना पंधरा दिवस मूल स्वतः बघणं शक्य आहे त्यांनी पगार देऊन थांबवावं. आत्ता पुण्यात ऑक्सिजन बेडसाठी लोक रात्रभर फोन फिरवतायत, ही वेळ वेगळी आहे.


रातपाळी
१७ एप्रिल, रात्री १०:१५

मी स्टाफ नर्स आहे, कोविड वॉर्डला. मिस्टर ट्रान्सपोर्टमध्ये, बाहेरगावी असतात. माझा मुलगा अडीच वर्षांचा. त्याला सांभाळणारी ताई आली नाही तर मी ड्युटीला जाऊच शकत नाही, पाळणाघरं बंद आहेत. म्हणून "सगळ्यांनीच बंद करा" असं कोणी लिहिलं की मला कळत नाही माझ्यासारखीने काय करायचं.

आम्ही असं केलंय की ती महिनाभर माझ्याकडेच राहते, पगार दीडपट. मी ड्युटीवरून आले की आधी बाथरूम, मग वेगळ्या खोलीत, मुलाला मी दारातूनच बघते. पण तिला स्वतःला सात वर्षांची मुलगी आहे, ती राजगुरुनगरला तिच्या आईकडे ठेवलीये. रात्री ती व्हिडिओ कॉलवर मुलीचा पाढा घेते आणि माझा मुलगा तिच्या मांडीवर झोपलेला असतो. ती एकदा म्हणाली, ताई, माझी आता मला फोनवर नीट सांगतपण नाही काही. मला पैसे देऊन हे फिटणारं वाटत नाही, पण मला दुसरा रस्ताही दिसत नाही, वॉर्डात आम्ही आधीच कमी आहोत.

चिऊच्या आई, तुम्हाला थांबवणं जमत असेल तर थांबवा.


औंधकर_बाबा
१७ एप्रिल, रात्री ११:००

@पर्वतीची_पोरगी, वाचलं. भाड्याचा विचार खरंच डोक्यात आला नव्हता. बायकोशी बोललो, राहिलेला अर्धा आजच पाठवला.


चिऊची_आई
१९ एप्रिल, रात्री ९:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मावशींशी बोलले. पर्वतीच्या ताईने सांगितलं तसं आधी पगाराचं बोलले, एप्रिल आणि मे दोन्ही पूर्ण, खाडा नाही, आलात तरी आणि नाही आलात तरी. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, चिऊचे कपडे घडी करत बसल्या. मग म्हणाल्या, सूनबाईला आठवा महिना लागलाय, घरी जाते तेव्हा रोज धाकधूक होते, पण तुम्हाला कसं सांगणार, तुम्ही दुसरी बाई बघितली असती.

आठ महिने ही बाई... नाही, ऑक्टोबर धरला तर सहा, पण सहा महिने माझ्या घरात आहेत आणि सून गरोदर आहे हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

तर आजपासून त्या येत नाहीयेत. राज्यातले निर्बंध सध्या १ मेपर्यंत आहेत, तेव्हा परत बोलायचं ठरलंय. मॅनेजरला सांगून दुपारी एक ते तीन कॉल नको असं करून घेतलं, नवरा आता दुसऱ्या खोलीत वेगळा झोपतो, आणि सासूबाईंकडे चिऊला द्यायचं तर बाल्कनीतच. आजचा पहिला दिवस कठीण गेला. साडेनऊला ती दारापाशी जाऊन बसली आणि उठेचना, शेवटी मावशींना व्हिडिओ कॉल लावला, त्यांनी तोंडावर पदर धरून बुवा कुक केलं, बिनमास्कचं तोंड बघून ती एवढी हसली.

मावशी ४८ च्या आहेत. लसीला शनिवारी एकट्याच सुतार दवाखान्यात जाऊन आल्या होत्या, डोस संपले म्हणून परत पाठवलं, आणि हेही मला कालच सांगितलं. उद्या पहाटे सहाला नवरा टोकनच्या लाईनीत उभा राहतोय, नंबर जवळ आला की त्यांना फोन करेल. कोणाला तिथे सध्या किती डोस येतायत माहीत असेल तर रात्रीच सांगा.