मदत हवी आहे: समुद्री बर्फाचा देखावा, लोक थांबतच नाहीत

मधुरा_बडोदे
घाईत लिहितेय. आमच्या मंडळाचा यंदाचा देखावा आहे 'वितळता समुद्री बर्फ आणि तिथले प्राणी'. बरंचसं उभं राहिलंय. अस्वल झालं, पेंग्विन झाले, निळे दिवे लागले. अडलंय ते ध्वनिफितीवर. काल शेजारच्या लोकांना बोलावून तालीम केली, तर अर्ध्यातच सगळे "मस्त, मस्त" करत प्रसादाकडे वळले. काय कळलं विचारलं तर "पेंग्विन गोड आहेत". मजकूर कसा बदलू? 'गुगल करा' असं कृपया सांगू नका, करून झालंय. एआयकडूनही लिहून घेतला होता, त्यात दर दोन ओळींनी 'चला, आपण सर्व मिळून' होतं. लवकर सांगा.

खडूस_कारकून
मजकूर कुठाय? किती मिनिटांचा? कोणत्या भाषेत? लोक खुर्च्यांवर बसून बघणार की रांगेतून पुढे सरकणार? निम्मी माहिती खिशात ठेवून मदत मागायची ही पद्धत आपल्या फोरमवर फार बोकाळली आहे.

नीलिमा_स
छान विषय! पुण्यात कुठे आहे मंडळ? शनिवारी मुलांना घेऊन येईन.

मधुरा_बडोदे
आयडीतच बडोदे आहे हो. रावपुऱ्यात, आतल्या गल्लीत. लोक रांगेतून जातात, बसायला जागा नाही. ध्वनिफीत सात मिनिटांची, मराठीत. मजकूर आमच्या सेक्रेटरी काकांनी लिहिलाय, ते पूर्वी संगीत नाटकांत काम करायचे. सुरुवात अशी:

"हे मानवा! तुझ्या लोभापायी ध्रुवावरील हिम वितळत आहे! सागर चढत आहे! उद्या ही बडोदे नगरी जलमय होईल! पाहा, एकाच हिमखंडावर उभे राहून हे अस्वल आणि हे पेंग्विन अश्रू ढाळीत आहेत..."

पुढेही असंच.

खडूस_कारकून
रांगेतल्या माणसाला सात मिनिटं? मागचा ढकलतोय, पुढे आरती चालू आहे, कडेवर पोर. दीड मिनिटाच्या वर एक अक्षर नको. आणि रावपुऱ्यात निम्मे बघे गुजराती असतील. एक फेरी मराठीत, एक गुजरातीत करा.

हिमांशू_वि
काकांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, या चार ओळींत दोन मोठ्या चुका आहेत.

अस्वल उत्तरेला, आर्क्टिकमध्ये. पेंग्विन दक्षिण गोलार्धात, अंटार्क्टिकाकडे. मधे अख्खी पृथ्वी. निसर्गात या दोघांची गाठ कधीच पडत नाही.

दुसरं, समुद्री बर्फ म्हणजे समुद्राचंच पाणी उणे १.८ अंशाच्या आसपास गोठून तरंगणारा थर. तो वितळला तरी समुद्राची पातळी जवळजवळ चढत नाही, कारण त्याच्या वजनाइतकं पाणी त्याने आधीच बाजूला सारलेलं असतं. पातळी चढते ती ग्रीनलँड, अंटार्क्टिका आणि डोंगरांवरचा, म्हणजे जमिनीवरचा बर्फ वाहून आल्याने आणि पाणी तापून फुगल्याने. दोन काचेचे पेले ठेवा. एकात पाण्यावर तरंगता बर्फ. दुसऱ्यात मोठा दगड आणि दगडावर बर्फ. दोन्हींत पाणी एकाच रेषेपर्यंत. बर्फ वितळल्यावर दुसऱ्यातलंच पाणी रेषा ओलांडेल. लोक पेल्यापाशी थांबतील.

आणि बडोदे समुद्रसपाटीपासून साधारण ३५ मीटर वर आहे. नगरी जलमय करायची तर विश्वामित्री पुरेशी आहे, २०२४ च्या ऑगस्टमध्ये पाहिलंच सगळ्यांनी.

अण्णा_मकरपुरा
विश्वामित्रीचं नाव निघालंच आहे तर, घरची मगर सोडून तिकडच्या अस्वलांचं कौतुक कशाला? त्या पुरात मगरी सोसायट्यांमध्ये शिरल्या होत्या. मगरीचा देखावा करा, अख्खं बडोदे थांबून बघेल.

मधुरा_बडोदे
अण्णा, विषय ठरलाय, वर्गणीही त्यावरच घेतलीय. आणि पेंग्विन काढता येणार नाहीत. फाइन आर्ट्सच्या मुलांनी कागदाच्या लगद्याचे बनवलेत, सुंदर झालेत. अध्यक्षांच्या नातवाला तेच आवडतात.

संजय_फॅब्रिकेशन
बर्फ कशाचा केलाय? थर्माकोल असेल तर पर्यावरणावर बोलूच नका.

मधुरा_बडोदे
जुन्या चादरी आणि खळ. थर्माकोल नाही.

भटका_जोशी
'वितळतोय वितळतोय' ऐकून कान किटले. अंटार्क्टिकात बर्फ वाढत होता हे कोणी सांगत नाही. आणि उत्तरेतला नीचांक २०१२ चा, तो अजून मोडलेला नाही. मग कसलं संकट?

हिमांशू_वि
दोन्ही गोष्टी अर्ध्याच सांगितल्यात, जोशीबुवा. अंटार्क्टिकाभोवतीचा हिवाळी बर्फ २०१४ पर्यंत खरंच वाढला, त्या वर्षी २ कोटी चौरस किलोमीटरच्या वर गेला. मग घसरला तो असा की फेब्रुवारी २०२३ मध्ये उन्हाळ्यातला बर्फ १८ लाखांच्याही खाली आला आणि त्याच वर्षी हिवाळ्यातही नीचांक झाला. उत्तरेत सप्टेंबर २०१२ ला साधारण ३४ लाख उरला होता. तो आकडा मोडला नाही हे बरोबर. पण १९७९ पासून उपग्रहांनी सलग मोजमाप ठेवलंय, त्यात २००७ पासूनचा प्रत्येक सप्टेंबर २००७ च्या आधीच्या सगळ्या सप्टेंबरांपेक्षा कमी बर्फाचा आहे. मार्च २०२५ मध्ये तर हिवाळी कमाल मर्यादाही तोवरची सगळ्यात कमी नोंदली गेली.

भटका_जोशी
आकडे फेकले की झालं. बाकी चालू द्या.

खडूस_कारकून
आकडे मागितले कोणी होते? तुम्हीच.

संजय_फॅब्रिकेशन
भांडण नंतर करा. ताई, काही हलतंय का देखाव्यात? नसेल तर लोक थांबणार नाहीत, मजकूर कालिदासाने लिहिला तरी. भंगारबाजारातून गाडीच्या वायपरची मोटर आणा, १२ व्होल्टची, सोबत जुनी बॅटरी किंवा अडॅप्टर. अस्वलाची मान डावी-उजवी होईल. मी आजवर रावण, हनुमान, चांद्रयान सगळं वायपरच्या मोटरवर हलवलंय.

मधुरा_बडोदे
नाही, काही हलत नाही. अस्वल लाकडी सांगाड्यावर आहे, मान हलवली तर फाटेल.

अपर्णा_कीर्तने
मी शाळेत पर्यावरण शिकवते. माझ्या मते उपासमारीने खंगलेल्या अस्वलाचा तो प्रसिद्ध व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावा. बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतंच.

हिमांशू_वि
तो नको. २०१७ चा कॅनडातला व्हिडिओ ना? ज्यांनी तो दाखवला त्या नॅशनल जिऑग्राफिकनेच पुढच्या वर्षी मान्य केलं की त्या एका प्राण्याच्या अवस्थेचा थेट संबंध हवामान बदलाशी जोडून आपण फार पुढे गेलो. ते अस्वल आजारी होतं की म्हातारं, कोणालाच ठाऊक नाही. रांगेत एक जरी जोशीबुवा भेटले तर तुमचा अख्खा देखावा खोटा ठरवतील.

भटका_जोशी
:)

अपर्णा_कीर्तने
मग दाखवायचं काय? भावना नको, आकडे नको, अश्रू नको!

हिमांशू_वि
काम दाखवा. बर्फ तिथे काय काम करतो ते. आर्क्टिकमध्ये एक छोटा सील असतो, अंगावर कड्या-कड्यांची नक्षी असलेला. तो बर्फाखाली पोहतो आणि श्वास घ्यायला बर्फात नख्यांनी भोकं पाडून ती उघडी ठेवतो. अस्वल त्या भोकाशी तासन् तास बसून राहतं. सील वर आला की पकडतं. पोहणाऱ्या सीलला उघड्या पाण्यात गाठणं अस्वलाला जवळजवळ जमत नाही. म्हणजे बर्फ गेला की भोक गेलं, भोक गेलं की जेवण गेलं. सीलचं पिल्लूही बर्फावर साचलेल्या हिमाच्या गुहेतच जन्मतं, तीही लवकर कोसळते.

कॅनडात हडसन उपसागराच्या पश्चिम काठावर हे नीट मोजलं गेलंय. उन्हाळ्यात तिथला बर्फ पूर्ण जातो, अस्वलं किनाऱ्यावर येऊन साठवलेल्या चरबीवर दिवस काढतात. पूर्वीपेक्षा हे बिनबर्फाचे दिवस काही आठवड्यांनी वाढलेत. तिथली अस्वलं २०१६ मध्ये अंदाजे ८४२ होती, २०२१ मध्ये ६१८. सगळीकडे अशीच घट आहे असं नाही, आर्क्टिकच्या काही भागांत संख्या टिकून आहे. म्हणून 'अस्वलं संपली' असं लिहू नका.

संजय_फॅब्रिकेशन
बास! सील. सीलला मोटर लावा. चादरीला गोल भोक, खाली मोटर, दांड्यावर सीलचं डोकं. वर, खाली, वर, खाली. आणि भोकावरच्या बर्फाची फळी बाजूला सरकते. हे मी अर्ध्या दिवसात करून देतो, बडोद्यातच आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

मधुरा_बडोदे
व्यनि केलाय. हे जमेल असं वाटतंय! पण मग पेंग्विन?

हिमांशू_वि
मधे पडदा टाका. डावीकडे 'उत्तर', उजवीकडे 'दक्षिण'. पेंग्विनचीही बर्फाशी गाठ आहेच, फक्त वेगळी. सम्राट पेंग्विन किनाऱ्याला घट्ट धरून बसलेल्या समुद्री बर्फावर अंडं घालतो आणि पिल्लू वाढवतो. पिल्लाच्या अंगावर आधी करडी लव असते, ती पाण्यात भिजते. पोहण्याजोगी पिसं डिसेंबर-जानेवारीत येतात. त्याआधी बर्फ फुटला तर पिल्लं बुडतात किंवा गारठून मरतात. २०२२ मध्ये बेलिंग्सहाउझेन समुद्राकाठच्या पाचपैकी चार वसाहतींत हेच झालं, उपग्रहाच्या चित्रांतून ते दिसलं. तुमच्याकडे लहान पिल्लू बनवलंय का?

मधुरा_बडोदे
दोन आहेत. काळी-पांढरी रंगवलीत.

हिमांशू_वि
करडी रंगवा. चेहरा पांढरा, डोकं काळं.

वैशाली_निझामपुरा
देवमासा कसा विसरलात सगळे? कमाटी बागेतल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा खराखुरा सांगाडा आहे, बडोद्याच्या प्रत्येक पोराने पाहिलेला. दक्षिण समुद्रात हे एवढे मोठे देवमासे क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे छोटे जीव, खातात. आणि क्रिलची पिल्लं हिवाळ्यात बर्फाच्या पोटाला चिकटून वाढणाऱ्या शेवाळावर जगतात. ते शेवाळ म्हणजे तिथलं कुरणच. 'म्युझियममधला देवमासा आठवतो का?' म्हटलं की बडोदेकर कान देईल.

खडूस_कारकून
हा मुद्दा आवडला. पण सील, पेंग्विन, देवमासा, पेले... दीड मिनिट!

निवृत्त_नाविक
भारताचे अंटार्क्टिकात मैत्री आणि भारती अशी दोन ठाणी आहेत, आर्क्टिकमध्ये स्वालबार्डला २००८ पासून हिमाद्री आहे. सगळं काम गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडून चालतं. तिथे जायचं असेल तर वैद्यकीय चाचणी कडक असते, दात आधी दाखवून घ्यावेत. माझ्या भाच्याने अर्ज केला होता तेव्हा...

खडूस_कारकून
नाविककाका, तिथे जायचं कोणी विचारलेलं नाही.

निवृत्त_नाविक
माहिती असावी.

अपर्णा_कीर्तने
पण 'आपल्याला काय त्याचं?' याचं उत्तर कुठाय? लोक तेच विचारतात. माझे विद्यार्थीसुद्धा.

हिमांशू_वि
एका वाक्यात: हिम साचलेला बर्फ बरंचसं ऊन परत फेकतो, उघडा काळा समुद्र ते जवळजवळ सगळं पिऊन तापतो. म्हणून बर्फ गेला की ऊब वाढते आणि आणखी बर्फ जातो. आपल्या पावसाशी त्याचा काही संबंध आहे का यावर आपलेही शास्त्रज्ञ काम करताहेत, पण मांडवात त्याबद्दल ठासून काही बोलू नये.

अण्णा_मकरपुरा
काळी आणि पांढरी फरशी उन्हात ठेवा, लोकांना पाय ठेवायला सांगा.

खडूस_कारकून
देखावा रात्री असतो, अण्णा.

मधुरा_बडोदे
संजयदादा आज येऊन मोटर बसवून गेले. सील हलतोय! गल्लीतली मुलं हटायला तयार नाहीत. पेले प्रसादाच्या टेबलाशेजारी ठेवलेत, तिथे लोक थांबतातच. देवमासा फलकावर घेतला. काकांशी बोलणं झालं. समुद्र चढण्याचं वाक्य काढायला तयार झाले, पण 'हे मानवा' पाहिजेच म्हणाले. शेवटी त्यांचाच आवाज आहे, एकदा ठेवलं. नवा मजकूर:

"हे मानवा! या भोकाकडे नीट बघ. इथे सील श्वास घ्यायला येतो. अस्वल दबा धरून बसलंय. बघ, आला! आता बर्फ सरकतोय. भोक राहिलं नाही. सील खाली पोहतोय, अस्वल किनाऱ्यावर उपाशी. उत्तर ध्रुवाकडे हल्ली हे दिवस लांबत चालले आहेत. चराचराची ही करुण कहाणी कोणास सांगावी? निसर्गाचा कोप ओढवण्याआधी जागा हो. आता पडद्यापलीकडे दक्षिणेला चल. या करड्या पिल्लांना अजून पोहता येत नाही. पायाखालचा बर्फ डिसेंबरपर्यंत टिकला तरच ती समुद्रात उतरतील. २०२२ मध्ये एका किनाऱ्यावरच्या पाच वसाहतींपैकी चारांत तो टिकला नाही."

वैशाली_निझामपुरा
गुजराती फेरी मी वाचून देते, आवाज बरा आहे माझा. रात्री नऊनंतर मोकळी असते.

खडूस_कारकून
चांगलं झालंय. 'बघ, आला!' आणि सीलचं डोकं एकाच वेळी यायला हवं. मोटरचा एक फेरा किती सेकंदांचा?

संजय_फॅब्रिकेशन
गिअर लावून हळू केलीय. अकरा सेकंद.

खडूस_कारकून
मग 'दबा धरून बसलंय' नंतर थोडी शांतता ठेवा. आणि 'करुण कहाणी', 'निसर्गाचा कोप' ही दोन्ही वाक्यं उडवा, फळी तोवर परत जागेवर आलेली असेल.

मधुरा_बडोदे
उडवली. काकांना रेकॉर्डिंग झाल्यावर सांगेन. वैशालीताई, नऊला या, चौकात उभी राहते.