इंजिनाच्या रेसबरोबर चढणारी शिट्टी: फिल्टर घ्यावा का?

कासपठार_११ (सातारा)
नमस्कार मंडळी. जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे, डिकीत चार चॅनेलचा अॅम्प (अॅम्प्लिफायर). बॅटरीपासून ४ गेजची वायर डावीकडून आणली आहे, आरसीए (स्टिरिओकडून अॅम्पला गाण्याचा सिग्नल नेणारी केबल) उजवीकडून. इंजिन चालू केलं की स्पीकरमधून बारीक शिट्टी येते आणि रेस दिली की तिचा सूर चढतो. खंबाटकी घाटात दुसऱ्या गिअरला तर गाण्याच्या वर ऐकू येते. स्टिरिओचा आवाज शून्यावर नेला तरी तेवढीच. इंजिन बंद करून नुसती चावी ऑन केली तर एकदम शांत. अॅम्पचा अर्थ (अर्थिंगची वायर) मागच्या सीटबेल्टच्या बोल्टला दिलाय. दुकानात आरसीएमध्ये बसवायचा फिल्टर घ्या म्हणतात. घेऊ का?

वायरिंग_मिरज
आत्ता घेऊ नका. फिल्टर म्हणजे आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर. शिट्टी दबते, पण स्वस्तातल्या फिल्टरने खालचा बास खाल्ला जातो आणि मूळ दोष तसाच राहतो.

रेसबरोबर सूर चढतो म्हणजे उगम अल्टरनेटर (इंजिनाबरोबर फिरून बॅटरी चार्ज करणारं जनित्र). आवाज शून्यावर नेऊनही शिट्टी तेवढीच म्हणजे ती व्हॉल्यूम कंट्रोलच्या नंतरच्या भागात घुसते. स्टिरिओचा अर्थ आणि अॅम्पचा अर्थ यांच्यात फरक पडला की तो फरक आरसीएच्या बाहेरच्या जाळीतून वाहतो, आणि अॅम्प त्यालाच गाणं समजून वाढवतो. माझा पहिला संशय त्या सीटबेल्टच्या बोल्टवर. तिथे रंग असतो, आट्यांवर लॉकिंगचा लेप असतो. शिवाय मध्ये थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) अडकवलं की बोल्ट नीट बसत नाही, आणि बेल्ट जिवाची गोष्ट आहे. तिथून अर्थ काढाच.

पण आधी मोजा. मल्टिमीटर २ व्होल्ट डीसीवर ठेवा. एक टोक अॅम्पच्या अर्थ टर्मिनलवर, दुसरं लांब वायर जोडून थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर. क्लॅम्पवर नको, खुंटीवरच. इंजिन चालू, हेडलाइट आणि एसीचा पंखा चालू, गाणं मोठ्याने. ०.१ व्होल्टच्या आत आलं तर अर्थ ठीक. जास्त आलं तर नवी जागा करा: डिकीच्या तळाच्या पत्र्यावर रुपयाएवढा भाग पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासायचा, क्रिम्प केलेलं थिंबल, स्टार वॉशर, ८ एमएम बोल्ट, आणि वर ग्रीस किंवा रंग म्हणजे गंज धरणार नाही. वायर पॉवरच्याच जाडीची, दीड फुटाच्या आत. भोक पाडण्याआधी गाडीखाली वाकून बघा, पेट्रोल टाकी आणि पाइप तिथेच असतात.

साउंड_सांगलीवाडी
अर्थ ठीक निघाला तर पुढचं. अॅम्प बंद करून आरसीए उपसा. एका जुन्या आरसीए पिनची मधली काडी आणि बाहेरची कडी डाग देऊन जोडा, अशा पिना अॅम्पच्या इनपुटमध्ये घाला आणि इंजिन चालू करा. शिट्टी राहिली तर दोष अॅम्पच्या सप्लायमध्ये किंवा स्पीकर वायरमध्ये. गेली तर तो स्टिरिओकडून किंवा केबलमधून येतो. मग एक वेगळी आरसीए सीटवरून उघडी टाकून बघा. शांत झालं तर जुनी केबल गाडीच्या कुठल्यातरी हार्नेसला (वायरांच्या जुडीला) चिकटून गेली आहे.

एक गोष्ट हमखास सुटते. काही स्टिरिओंमध्ये आरसीएच्या बाहेरच्या कडीला आत केसाएवढा फ्यूज असतो. अॅम्प चालू असताना केबल काढली-घातली किंवा अॅम्पचा अर्थ सुटला की तो उडू शकतो आणि अशीच शिट्टी सुरू होते. स्टिरिओ बाहेर काढा, सगळ्या केबल सोडवा, कडी आणि स्टिरिओचा पत्रा यांत मीटरने कंटिन्युइटी (जोड शाबूत आहे का) बघा. जवळजवळ शून्य ओहम हवेत.

गाडी सेकंडहँड असेल तर २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरात उभी होती का, हेही पाहा. पाणी उतरलं तरी गालिच्याखालच्या अर्थच्या बोल्टवर हिरवट पूड धरते.

अल्टरनेटरही तपासून घ्या. मीटर एसी व्होल्टवर, टोकं बॅटरीवर, २००० आरपीएम, लाइट चालू. ०.१ च्या आत चांगलं. अर्ध्या व्होल्टवर गेलं तर अल्टरनेटरमधले डायोड (एसीचा डीसी करणारे भाग) संशयित. काही स्वस्त मीटर एसीवर डीसीही मोजतात, म्हणून इंजिन बंद असताना शून्य दाखवतो का ते आधी बघून घ्या.

कासपठार_११ (सातारा)
मोजलं. सीटबेल्टच्या बोल्टला ०.३८ व्होल्ट! बोल्ट काढला तर थिंबलखाली रंग शाबूत, एका कडेला फक्त नखाएवढी चमक. स्टेपनीच्या बाजूला नवी जागा घासली, आता ०.०२. एसी रीडिंग ०.०४. घाटातली शिट्टी गेली. एक उरलं: फोन चार्जिंगला लावून ऑक्सवर (स्टिरिओच्या ३.५ एमएम वायरवर) गाणी लावली की बारीक किरकिर येते. चार्जर काढला की बंद.

वायरिंग_मिरज
ही वेगळी भानगड. चार्जर आणि ऑक्स दोन्ही फोनला जोडले की फोनमधून दुसरा अर्थ तयार होतो, आणि चार्जरच्या आतला स्विचिंगचा आवाज त्यातून येतो. ब्लूटूथवर लावून बघा, किरकिर जाईल. ऑक्सच हवं असेल तर तिथे मात्र छोटा ३.५ एमएमचा आयसोलेटर (तसाच ट्रान्सफॉर्मरवाला फिल्टर) चालतो, कारण इथला अर्थचा लूप दुसरीकडे सहज तोडता येत नाही. आणि अॅम्पचा गेन (आलेला सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा स्क्रू) किती ठेवलाय? शिट्टी झाकायला कुणी फिरवला असेल तर आता नव्याने लावा: स्टिरिओ तीन चतुर्थांश आवाजावर, गेन शून्यापासून हळूहळू वर, आवाज फाटायला लागला की थोडा मागे.