भीती घालून मुलं जबाबदार होतात का?

हिंगणेकर
पुण्यात कर्वेनगरला माझ्याकडे आठ मुली पेइंग गेस्ट राहतात. परवा रात्री अकराला एक जण दारात आली. वय २१, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली ७२ तासांची गोळी, संबंधांनंतर गर्भ राहू नये म्हणून घेतात ती. "काकू, यानं रोगपण टळतात ना?"

नाही टळत! दोन महिन्यांतली ही तिसरी गोळी, आणि तिला एवढंही ठाऊक नव्हतं. कुणाला विचारलं का नाहीस, तर म्हणे, "घरी कळलं तर शिक्षण बंद."

ज्या महर्षी कर्व्यांच्या नावानं आमचा भाग ओळखला जातो, त्यांच्या मुलानं, र. धों. कर्व्यांनी, १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवलं, खटले सोसले. शंभर वर्षं झाली तरी आपण पोरींना धाक दाखवूनच वाढवतोय. धाकानं मुलं थांबत नाहीत, लपवायला शिकतात.

शनिवारातली आई
पटलं नाही. माझ्या भाच्याला सगळी माहिती आहे. मैत्रिणीनं निरोध वापर म्हटलं, तर हा म्हणाला, "माझ्यावर विश्वास नाही का?" ती माझ्याजवळ येऊन रडली. आता इथे माहिती कुठे कमी पडली? कमी पडले ते संस्कार. तुम्ही गोळ्या-साधनांचं सांगता आणि मन कसं घडवायचं ते सोडून देता.

हिंगणेकर
भाच्याचं वागणं चूकच. पण त्याला संस्कार म्हणून काय मिळालं? "लग्नाआधी नको" एवढंच ना? समोरचीचं 'नको' ऐकायचं असतं, हे कुणी शिकवलं?

समुपदेशक
कोलबर्ग या मानसशास्त्रज्ञानं नैतिक वाढीच्या पायऱ्या मांडल्या: आधी शिक्षेची भीती, मग लोक काय म्हणतील, मग स्वतः पारखलेलं तत्त्व. आपली बरीच घरं दुसऱ्या पायरीवरच थांबतात.

आता कामाचं. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते, नाव गुप्त राहतं. संसर्गाची शंका असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टर गाठा, २८ दिवसांची प्रतिबंधक औषधं असतात. लगेच केलेल्या तपासणीत संसर्ग दिसेलच असं नाही, पुन्हा करावी लागते. हेल्पलाइन १०९७. आणि १८ पूर्ण झालेल्या मुलीला गर्भपातासाठी फक्त स्वतःची संमती पुरते. २०२१ च्या दुरुस्तीत तर कायद्यात 'पती'च्या जागी 'जोडीदार' आलं.

शनिवारातली आई
म्हणजे आईबापांना काहीच कळायला नको? उद्या तिला काही झालं तर दवाखान्यात रात्रभर आम्हीच बसणार आहोत. माझा विरोध माहितीला नाही, आम्हाला बाजूला सारण्याला आहे. आणि एक सांगा, त्या रात्री तो मुलगा कुठे होता?

हिंगणेकर
खाली गेटपाशी, स्कूटरवर. वर यायची हिंमत होत नव्हती. मीच बोलावला, दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. सोमवारी दोघं मिळून ससून रुग्णालयात तपासणीला जाऊन आले. आईला सांगायचं तिनं अजून ठरवलेलं नाही, मीही घाई करत नाहीये.