डिसेंबरची ट्रिप: चित्रकारांच्या वाड्यावर राहायचं का?

ए-104: मंडळी डिसेंबरमधे शनिवार-रविवार कुठंतरी जाऊ म्हणत होतो त्याचं काय झालं? वेरूळच्या पुढं आतल्या खेड्यात एक जोडपं आहे, दोघं आर्टिस्ट, जुन्या वाड्यात खोल्या काढल्यात त्यांनी, मुक्काम आणि सकाळचा नाश्ता. कुणी राहून आलंय का? रील बघितली पण रीलमधे सगळंच भारी दिसतं

बी-302: आम्ही राहून आलोय दादा. रात्री सांगते, आत्ता कुकर लावलाय

सी-201: एका खोलीचे 3,000 म्हणायलेत. तेवढ्यात जालना रोडला एसी, बुफे सगळं येतंय. खेड्यात झोपायला कशाला पैसे, आमचं परतूरचं घर रिकामंच आहे, फुकट राहा 😂

ए-401: परतूरला चहा तरी द्याल का काका

सी-201: दूध घेऊन या

बी-302: हां आता बसले निवांत. तर ऐका. काळ्या दगडाचा वाडा, वर माळवद म्हणजे मातीचं सपाट छप्पर, भिंती हातभर जाड, त्यामुळं एसी नाही हे लक्षातबी येत नाही. डिसेंबरात पहाटे मात्र चांगलाच गारठा. पांघरायला वाकळ देतात, ती वाड्यातल्या वहिनींनी स्वतः शिवलेली, जुन्या लुगड्यांचे थर आणि वरून सगळा धावदोरा, ह्याच वाकळी त्या मुंबईला प्रदर्शनात भिंतीवर लावतात आणि इथं आपण अंगावर घेऊन घोरायचं.

बी-302: आता मुख्य गोष्ट. वाड्याचे दादा चित्रकार आहेत. अजिंठ्यात चित्रं काढायच्या आधी भिंत कशी तयार करायचे ते आपल्याकडून करून घेतात. फूटभर चौकट देतात प्रत्येकाला, त्यात माती, शेण, भाताचा तूस, बारीक गवत कालवून थापायचं, पोरं कोपरापर्यंत चिखलात. ते वाळलं की चुन्याचा पातळ हात, तोबी वाळू द्यायचा आणि मग रंग. अजिंठ्यालाबी चित्रं वाळल्या भिंतीवरच काढलेली. रंग दुकानातले नाहीत, गेरू, पिवळी माती, दिव्याची काजळी. हिरवा कुठून आणला विचारलं तर शेजारच्या विहिरीच्या खोदकामातले दगड पुढं ठेवले, आपल्या काळ्या दगडात भोकं असतात ना बारीक, त्यात हिरवट माती बसलेली असते, ती खरवडून खलात घोटायची, डिंकाचं पाणी घालायचं की झाला हिरवा. मी जन्मभर त्या दगडावरून चाललेय, कधी वाकून बघितलं नाही. निळा तेवढा आपल्याकडं निघत नाही, त्या काळी लाजवर्द पार अफगाणिस्तानातून यायचा

ए-401: हे भारीये 👌 आमच्या कार्टीला नेतो

बी-302: न्या, पण एका रात्रीसाठी नका नेऊ. शनिवारी दुपारी पोचलात की संध्याकाळपर्यंत फक्त चिखल होतो, रविवारी सकाळी तो ओलाच, आणि अकराला खोली सोडायची. रंगाची पाळीच येत नाही. मग ते आधी वाळवून ठेवलेल्या चौकटी देतात पोरांना रंगवायला, पोरं खूश होतात पण आपल्या हातानं थापलेल्यावर रंग लावायची गंमत त्यात नाही. शुक्रवारी जा, शनिवारचं ऊन मिळू द्या, तोपर्यंत वेरूळ बघून या. जाताना ते सांगतात की कैलासला मान वर करून छत बघा, तिथं अजून जुना गिलावा आणि रंग शिल्लक आहेत. आम्ही आजपर्यंत खालचे हत्तीच बघून यायचो

सी-201: दोन रात्री म्हणजे 6,000. त्यापेक्षा सोम-मंगळ स्वस्त पडतं का विचारा

ए-104: काका मंगळवारी वेरूळ बंद, सोमवारी अजिंठा बंद. अंगणात बसून कोंबड्या मोजायच्या का

बी-302: आणि काका घासाघीस करू नका हो, ते कमीबी करत नाहीत आणि आपलंबी बरं दिसत नाही. खोल्या चारच, त्यातल्या दोन पावसाळ्यात बंद कारण माळवद गळतं, दरवर्षी वर पांढरीची माती टाकून चोपावं लागतं आणि ते येणारा माणूस आता गावात एकच उरलाय. एप्रिल-मेमधे कुणी फिरकत नाही. राहिले किती महिने? चौकट, रंग, शिकवणं सगळं 3,000 मधेच धरलंय

चेअरमन काका: नोंदणीकृत आहे का हे? उगाच पोलिसांचं लफडं नको.

बी-302: हो काका, सरकारची निवास-न्याहारी योजना आहे ना त्यात, प्रमाणपत्र ओसरीतच लावलंय

बी-105: आमची लेक-जावई येणारेत तेव्हा जर्मनीहून. जावई तिकडचाच. त्यांना चालेल का तिथं?

बी-302: चालेल की काकू, फक्त आधी कळवा. परदेशी पाहुणा आला की 24 तासांत वाड्यावाल्यांना त्याचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो, पासपोर्ट-व्हिसा जवळ असू द्या. पण तुमच्या गुडघ्याचं बघा, वरच्या खोल्यांचा जिना म्हणजे शिडीच आहे आणि संडास अंगण ओलांडून. खालची खोली मागून घ्या

सी-204: खायचं काय? आणि 'व्यवस्था' आहे का 🙈

बी-302: व्यवस्था नाही, चूल आहे. सकाळी धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी, पण साडेनऊशिवाय पानं मांडत नाहीत, पोरांना सोबत बिस्किटं न्या. रात्रीच्या जेवणाचे पैसे वेगळे, ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी. आमटी झणझणीत असते, सी विंगनं जपून. हुरड्याचं डिसेंबरात नक्की नाही, कोवळा असला तर शेजारच्या शेतातून आणतात

सी-204: मेसेज डिलीट केला

ए-401: वहिनींनी बघितला वाटतं 😂

ए-104: ठीक. चार खोल्या म्हणजे सगळे एकदम मावत नाहीत, दोन बॅच करू. पहिल्या बॅचला पोरंवाले, शुक्रवारी दुपारी निघायचं, दौलताबादच्या दरवाज्यात गाड्या अडकायच्या आत. ज्यांना यायचंय त्यांनी खाली फक्त फ्लॅट नंबर टाका, गुड मॉर्निंग नको

ए-401: ए-401, तिघं

बी-105: बी-105 चौघं, खालची खोली

सी-201: सी-201 दोघं. एक रात्र चालेल ना?

बी-302: काका 🙏

सी-201: बरं दोन

बी-302: उद्या मीच फोन लावते त्यांना. दुपारी दोन ते चार कुणी लावू नका, कामाला बसलेले असतात, उचलत नाहीत